जावयाला मात द्यायची नसते

आमच्या कल्याणच्या घरात बुद्धिबळाचे सगळे नियम पाळले जात, आणि त्यावर एक जास्तीचा: जावयाला मात द्यायची नाही. हा नियम कुठल्या पोथीत नव्हता. माझ्या आईनं तो केला, माझ्या वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, मान खाली घालून पाळला, आणि तो मोडला जाऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून उभं राहायचं काम माझ्याकडे आलं. मी ते इतकं चोख केलं की त्याची आठवण झाली तर आजही हातातला घास हातातच राहतो.

तात्या शाळामास्तर होते. पारनाक्याजवळ आमचं घर. शाळा सुटल्यावर ओटीवर मंडळी खेळायला जमत, आणि तात्यांना हरवून उठलेला माणूस कल्याणात सहसा सापडत नसे. मला भाऊ नव्हता. मंडळी आली नाहीत की तात्या मला समोर बसवत. आई चिडायची. "पोरीच्या जातीला हत्तीघोडे कशाला? उद्या सासरचे म्हणतील, हिला साधा भात येत नाही, शह तेवढा देता येतो." तात्या हसत. "राजा कसा सांभाळायचा तेवढं शिकवतोय गं. सासरी उपयोगी पडेल."

पट कापडाचा होता, त्याच्या कडेची वेलबुट्टी आईनंच भरलेली. मोहरे लाकडाचे, लाखेनं रंगवलेले, एक बाजू लाल, एक हिरवी. पहिल्याच दिवशी माझ्या उंटासमोर तात्यांचा राजा उघडा पडला आणि मी आनंदानं तो उचलायला हात पुढे केला. तात्यांनी माझं मनगट धरलं. "राजाला मारत नाहीत, बाळ. त्याला सांगून कोंडतात." शह तोंडानं, मोठ्यानं द्यायचा, न सांगता दिलेला शह ही चोरी, असं ते म्हणत. शह आला की वाटा तीनच. राजानं बाजूला व्हावं, नाहीतर मध्ये आपलं कुणीतरी आणून उभं करावं, नाहीतर शह देणाऱ्यालाच मारावं. तिन्ही वाटा बंद झाल्या की मात. घोड्याचा शह असला तर मधली वाट नसतेच, कारण तो उडी मारून येतो, आड कुणी उभं राहून काय करणार. आमच्या देशी खेळात राजालाही एकदा घोड्यासारखी उडी मारायची मुभा असे, पण एकदा का त्याला शह बसला की ती गेली. म्हणून तात्या डाव रंगायच्या आधीच एखादा फुकटचा शह देऊन समोरच्याची ती उडी काढून घेत आणि मिशीत हसत. सगळ्यात मोठा मान प्याद्यानं दिलेल्या मातेचा. मात्र प्याद्याच्या पाठीशी दुसऱ्या कुणाचा जोर हवा, नाहीतर राजाच त्याला खाऊन मोकळा होतो.

हे सगळं मला सासरी जाण्याआधीच पाठ झालं होतं. तात्या मला कधी मुद्दाम जिंकू देत नसत. मी रडायची, पट उधळायची; ते शांतपणे मोहरे गोळा करून पुन्हा मांडायचे.

लग्न झालं ते ठाण्याला. माझं वय तेव्हा परकरातून नुकतं लुगड्यात यायचं. यजमान इंग्रजी शिकत होते, पुढे तिथल्याच कचेरीत कारकून झाले. त्यांनाही बुद्धिबळाचा नाद आहे हे कळल्यावर तात्यांना झालेला आनंद मला आठवतो. मुलगी चांगल्या घरी पडली याचा झाला नसेल इतका तो झाला होता.

पहिला दिवाळसण आला. फराळ झाला, नवं धोतर नेसून हे ओटीवर बसले, तात्यांनी पट अंथरला. मी दाराआड उभी. ह्यांचा खेळ तडफेचा होता, पण राजाकडे लक्ष नसायचं. वजीर घेऊन पुढे पुढे धावायचं आणि घर उघडं टाकायचं, अशी तऱ्हा. थोड्याच वेळात तात्यांचा हत्ती एका घरावर आला की खेळ आटोपला, अशी वेळ आली. तात्यांनी हत्तीला बोट लावलं. एवढ्यात माझ्या पाठीमागून आई आली, तिनं पटावर नाही, तात्यांच्या चेहऱ्यावर एक नजर टाकली आणि तिला सगळं कळलं. तिनं बांगड्या वाजवल्या. तात्यांनी वर पाहिलं. आईनं डोळे मोठे केले. तात्यांचा हात हत्तीवरून निघाला आणि त्यांनी कोपऱ्यातलं एक निरुपद्रवी प्यादं पुढे सारलं.

पुढे हे जिंकले. तात्या पाणी प्यायला आत आले तेव्हा आई दबक्या आवाजात म्हणाली, "सणाच्या दिवशी जावयाला मात? लोक काय म्हणतील? जावई तोंड पाडून परत गेला म्हणजे?" तात्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि नजर चटकन पेल्यात घातली. मला ते सगळं दिसलं होतं हे त्यांना ठाऊक होतं.

बांगड्यांचा आवाज काही दरवेळी शोभायचा नाही. आईनं तोड काढली. डाव तात्यांच्या बाजूनं फार झुकला की ओटीवर पानाचं तबक न्यायचं. तबक समोर आलं की तात्यांनी ओळखायचं आणि खेळ सैल सोडायचा. पण आईला शह कळत होता ना मात. तबक कधी न्यायचं हे ठरवायला घरात एकच जण होतं, ते म्हणजे मी.

सांगायला लाज वाटते, पण सुरुवातीला मला याची गंमत वाटायची. मी दाराच्या फटीतून पट वाचायची. ह्यांचा राजा कोंडला जातोय, आता दोनच घरं उरली, आता एकच, असं बघत थांबायची, आणि अगदी शेवटच्या क्षणी पदर सावरून तबक घेऊन जायची. फार आधी नेलं तर तात्यांचा विरस होई, उशीर झाला तर आईचा. माझी वेळ कधी चुकली नाही. हे विडा उचलत, तात्या डोळे मिटून एखादी सुपारी तोंडात टाकत, आणि त्यानंतर त्यांच्या घोड्याला वाट सापडेनाशी होई.

परत जाताना गाडीत हे खुशीत असत. मुंब्र्याजवळ खाडी दिसायला लागली की डाव पहिल्यापासून सांगायला लागत. "तिथं मी वजीर आणला ना, तिथंच तात्या गडबडले." मी खिडकीतून मिठागरांकडे बघत "हो का" म्हणायची. नवऱ्याचा फुललेला चेहरा बघायला कुणाला आवडत नाही? मलाही आवडायचा. पण ठाणं आलं आणि आम्ही घराकडे चालायला लागलो की काहीतरी खुपायचं. पुढे चाललेला हा माणूस हसतोय तो माझ्या तबकामुळे, आणि त्याला ते माहीत नाही. सांगितलं तर ह्यांचा पाणउतारा आणि तात्या लबाड. नाही सांगितलं तर मी लबाड. तेव्हा न सांगणंच सोपं होतं, म्हणून तेच केलं, वर्षानुवर्षं.

आई गेली. तिच्यामागे तरी हा नियम मोडता आला असता. पण आम्ही तात्यांकडे गेलो, पट अंथरला गेला, आणि मी, कुणी सांगितलेलं नसताना, पानं लावायला घेतली. सवय म्हणा, भीती म्हणा. इतक्या वर्षांनी एकदम खरी मात बसली तर मागच्या सगळ्या डावांचं काय, हे ह्यांच्या लक्षात आल्याशिवाय राहिलं नसतं.

शेवटी बिंग फुटायचं ते फुटलंच. ठाण्याला तलावाजवळ एका निवृत्त मामलेदारांच्या ओटीवर कचेरीतली मंडळी खेळायला जमू लागली. ह्यांनी तिथं सहज सांगितलं, कल्याणच्या मास्तरांना मी नेहमी हरवतो. सगळ्यांनी भुवया उंचावल्या आणि ह्यांना पटावर बसवलं. एकामागून एक जो तो ह्यांना मात देऊन उठला. मग मामलेदार हसत म्हणाले, "अहो, मास्तरांना हरवायचं तर आम्हीही कल्याणचीच मुलगी करायला हवी होती!" ओटी खो खो हसली. जे सगळ्यांना एका वाक्यात कळलं ते ह्यांना इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

त्या संध्याकाळी हे घरी आले, हातपाय धुतले, पाटावर बसले. मला हे कुठून कळलं? त्यांनीच सांगितलं, शब्दन् शब्द, ताटाकडे बघत. मी वाढता वाढता थांबले. जेवण अर्धं टाकून ते उठले आणि दारात थांबून म्हणाले, "पान नेहमी वेळेवर यायचं."

रागावले असते तर बरं झालं असतं. आरडाओरडा केला असता, मला माहेरी पाठवलं असतं तर मीही चार शब्द बोलून घेतले असते. पण एवढंच बोलले. मी हातात पळी घेऊन उभी राहिले. त्या वाक्यात खोटं काहीच नव्हतं.

त्यानंतर ह्यांनी पटाला हात लावला नाही, आणि कल्याणचं नाव काढलं नाही. सण आला की मी विचारायची, "इकडून यायचं होणार ना?" उत्तर यायचं, "तू जा. मला काम आहे." मी मुलाला घेऊन जायची. तात्या माझा आणि नातवाचा आवाज ऐकून खूश होत, मग माझ्या पाठीमागे दाराकडे बघत राहत. तोवर त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. माणूस दारात उभा आहे एवढं कळे, कोण ते कळत नसे. ओटीवरची जुनी मंडळी एकेक करून गेलेली किंवा अंथरुणाला खिळलेली. पट घडी घालून कोनाड्यात ठेवलेला. बाई येऊन स्वयंपाक करून जाई, बाकी दिवसभर ते एकटे.

एकदा दुपारी त्यांनी विचारलं, "जावईबापू येत नाहीत. माझं काही चुकलं का गं?"

मी सांगून टाकलं. मामलेदारांची ओटी, ते वाक्य, पान वेळेवर यायचं ते. तात्या ऐकत होते. बराच वेळ मांडीवरचं धोतर चिमटीत धरून चुरगाळत बसले.

"मी मास्तर माणूस," ते म्हणाले. "उभ्या जन्मात कुणा पोराचं चुकलेलं गणित बरोबर म्हणून सोडलं नाही. पाटलाच्या पोराचंही नाही. आणि घरात येऊन जावयाचं सोडत राहिलो. त्यांचा खेळ मी बिघडवला. राजा उघडा टाकतात, हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर दोन वर्षांत मला भारी झाले असते."

"आईनं सांगितलं म्हणून ना?"

"आई बिचारी काय जाणे! मला कळत होतं." मग माझ्याकडे वळून, "तुलाही कळत होतं."

एवढं बोलून तात्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी मान वर केली नाही.

पुढच्या रविवारी सकाळी आमच्या ठाण्याच्या दारात टांगा थांबला. तात्या उतरले, एका हातात काठी, काखेत पटाची घडी. शेजारच्या माणसाची सोबत घेऊन गाडीनं आले होते. मुलीचा बाप आपण होऊन, न बोलावता, जावयाच्या दारात येतो ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती. हे गडबडीनं पुढे झाले, हात धरून त्यांना ओटीवर बसवलं. हेही त्यांना तात्याच म्हणत. "तात्या, निरोप धाडला असता तर मीच आलो असतो."

"आला नसतात," तात्या म्हणाले. "मला एक डाव खेळायचाय. आज समोर जावई नको, खेळणारा हवा."

वडीलधारा माणूस, नाही म्हणता येईना. ह्यांनी पट अंथरला. अडचण आली ती मोहऱ्यांची. हत्ती कोणता, घोडा कोणता हे तात्या हातानं ओळखत. लाल कोणता, हिरवा कोणता हे मात्र हाताला कसं कळणार? त्यांनी मला हाक मारली. "तू इथं बस. मी बोट ठेवीन, तू रंग सांग. दुसरं काही बोलायचं नाही."

इतकी वर्षं दाराआड उभी राहिलेली मी पहिल्यांदा त्या दोघांच्या मध्ये पटाशेजारी बसले. समोर दोघांचेही हात. तात्या प्रत्येक खेळीआधी पटभर बोटं फिरवत, अगदी हलकेच, मोहरा हलू नये म्हणून. "हा?" "लाल." "हा?" "हिरवा." आपल्या बापाला असं चाचपडताना बघणं सोपं नव्हतं. हे तिकडे बघत नव्हते. खेळत होते, पण हिशेबी, पडेल आवाजात चाल सांगत.

डाव अर्ध्यावर आला आणि तात्यांच्या हत्तीनं शह दिला. मध्ये घालायला ह्यांच्याकडे काही नव्हतं, हत्ती मारताही येत नव्हता. राजाला हलायला दोन घरं मोकळी. वजिराच्या बाजूचं घर सुरक्षित होतं. कोपऱ्याकडच्या घराच्या रोखानं तात्यांचं एक प्यादं आलेलं, त्याला पुढच्या घरावर उंटाचा जोर. राजा कोपऱ्याकडे गेला की प्यादं एक घर पुढे, आणि मात. तीही प्याद्याची, सगळ्यात मानाची. मला ते उन्हासारखं स्वच्छ दिसत होतं. ह्यांनाही दिसत असणार, कारण त्यांचा हात आधी वजिराच्या बाजूला गेला, थांबला, तात्यांच्या चाचपडणाऱ्या बोटांवर त्यांची नजर गेली, आणि त्यांनी राजा उचलून कोपऱ्याकडच्या घरात ठेवला.

"कोपऱ्याकडे," ते म्हणाले.

तात्यांची बोटं फिरली. राजावर आली. "हा हिरवा?" "हिरवा." प्याद्यावर आली. "लाल?" "लाल." मागे उंटावर. "लाल?" "लाल." बोटं तिथंच थांबली.

"जावईबापू," तात्या सावकाश म्हणाले, "डोळे माझे गेलेत. तुमचे नाही."

"दिसलं नाही मला."

"मला जावई केलंत होय?"

ह्यांचा चेहरा लाल झाला. इतके दिवस दाबून धरलेलं एकदम बाहेर आलं. "आणि तुम्ही मला काय केलंत? दरवर्षी! मी गावभर सांगत फिरलो, तात्या. हसले लोक माझ्यावर. तुमच्या घरात एकाला वाटू नये, की ह्या माणसाला सांगावं?" बोलताना त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं, आणि मला जमीन दुभंगली तर बरं असं वाटलं.

"तेच सांगायला आलोय," तात्या म्हणाले. "चुकलं माझं. मान द्यायच्या नावाखाली तुम्हाला फसवलं. हिला त्यात ओढलं ते मी आणि हिच्या आईनं. हिचं वय तरी काय होतं."

"वय पुढे वाढलं, तात्या," मी म्हणाले. मला बोलायची परवानगी नव्हती, पण राहवेना. "आई गेल्यावरही पानं मीच लावली. मला कुणी सांगितलं नव्हतं."

बाहेर टांगेवाला घोड्याला पाणी पाजत होता, त्याच्या बादलीचा आवाज तेवढा येत होता. तात्यांनी हात पुढे करून ह्यांचा राजा शोधला, उचलला आणि परत आधीच्या घरात ठेवला. "शह आहे," ते म्हणाले. "आता खरं खेळा."

ह्यांनी राजा वजिराच्या बाजूला नेला. आणि मग खेळले. मी ह्यांना असं खेळताना कधी पाहिलं नव्हतं. ओठ आवळून, राजाभोवती माणसं उभी करून, प्रत्येक शहाला वाट काढत. तात्यांचा चेहरा उजळत गेला. एकदा तर "वा!" म्हणून त्यांनी मांडीवर थाप मारली आणि त्या धक्क्यानं एक उंट आडवा झाला, तो मी उभा केला. ऊन ओटीवरून उतरून अंगणात गेलं तरी कुणी उठेना. मामलेदारांच्या ओटीवर ज्या माणसाला जो तो मात देऊन गेला तो हाच का, असं मला वाटायला लागलं. आणि त्या आनंदाच्याही तळाशी तेच खुपत होतं: हा खेळ ह्यांच्यात पहिल्यापासून होता, आणि मी तो दरवेळी तबकानं झाकला होता.

शेवटी तात्यांचा घोडा उठला आणि बसला. "शह."

घोड्याचा शह, आड कुणी घालायची सोय नाही. हे वाकून बघत राहिले. घोड्याला मारायला काही पोचत नव्हतं. राजाच्या भोवतीचं एकेक घर त्यांनी बोटानं तपासलं, अगदी तात्यांसारखंच. सगळी बंद होती. ते सरळ बसले.

तात्यांचे ओठ हलले, शब्द बाहेर येईना. इतकी वर्षं अडवलेला शब्द, त्याला वाट सापडत नसावी.

"म्हणा ना, तात्या," हे म्हणाले.

"मात," तात्या म्हणाले, आणि त्यांच्या धूसर डोळ्यांतून पाणी गालावर आलं.

ह्यांनी आपला राजा आडवा केला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आता पान आण."

मी आत गेले. तबक फडताळात फडक्याखाली झाकून तयार होतं. टांगा दारात थांबलेला पाहिला तेव्हाच, कुणी न सांगता, मी पानं लावून ठेवली होती. ती आता वाळून कडेनं काळी पडली होती. मी ती परसात टाकली, हात धुतले, आणि ताजी पानं घेऊन चुना लावायला बसले.